सर्जेराव मगदूमची नजर

मी स्टॉपर होतो. गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्या संघाला अडवायचं, आपले पाय मोडून घ्यायचे आणि वर शिव्या खायच्या, एवढं स्टॉपरचं काम. हे मुद्दाम सांगतो, कारण तीन हंगामांत डिचोलीच्या आमच्या खाण कंपनीच्या संघानं जे काही अडवलं, त्याचं सगळं श्रेय गोलकीपर सर्जेराव मगदूमला गेलं. पेपरात त्याचे फोटो यायचे. माझा, म्हणजे शिवदासचा, एकदाच आला. त्यात सर्जेराव माझ्या खांद्यावर बसला होता आणि माझं तोंड त्याच्या मांडीमागे गेलं होतं.

सर्जेराव कागलकडचा. चौऱ्याऐंशी साली मामाच्या ओळखीनं खाणीवर आला. कोल्हापूर-बेळगावकडची पुष्कळ माणसं तेव्हा खाणीवर होती, तसे आम्ही पेडणे-सावंतवाडीकडचेही होतो. कोल्हापुरात तो एका पेठेच्या संघात राखीव गोलकीपर होता, म्हणजे बाहेर बसून दुसऱ्याचे कपडे सांभाळायचा. आमचे मॅनेजर गुरुदासबाब हेच संघाचे प्रशिक्षक, हेच निवड समिती आणि हेच देव. त्यांनी सर्जेरावची छाती पाहिली, पंजे पाहिले आणि जागेवर नोकरी दिली. कंपनीत गोलकीपरची जागा नव्हती, स्टोअरकीपरची होती. "कीपर तो कीपर," गुरुदासबाब म्हणाले. तेव्हापासून सर्जेराव दिवसा नटबोल्ट सांभाळायचा आणि संध्याकाळी गोल.

माणूस मोठा झकास. मोकळा, हसरा, आणि दर वाक्याला 'राव' जोडणारा. "काय राव", "जेवला का राव", "ऊन लई हाय राव". देशावरची ती रीतच आहे. तिथे ओळखीच्याला राव, अनोळख्याला राव, भांडतानासुद्धा राव.

घोटाळा असा की आमच्याकडे राव म्हणजे थांब. कोंकणीत राव म्हणजे जागच्या जागी उभा राहा, हलू नको. पेडण्याकडे आम्ही बरेचजण 'रव' म्हणतो, पण मतलब तोच. आणि हा शब्द आमच्या कानाला नंतर कळतो, पायांना आधी. दुसऱ्याच्या झाडाचे आंबे घेऊन पळताना मागून आई ओरडते, "राव, तुका दाखयतां!" की पाय जमिनीला चिकटलेच. थांबलं तर मार बसतो, न थांबलं तर दुप्पट बसतो, हे गोव्यात चालायला लागलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं.

पहिल्याच सरावात उंच चेंडू आला. सर्जेराव मागून गरजला, "सोडा, माझा हाय राऽऽव!"

मी थांबलो. आमचे दोन्ही बॅक थांबले. समोरून धावत येणारा फॉरवर्ड एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबला. मैदानाच्या कडेला शेंगदाणे भाजणाऱ्यानंसुद्धा हात थांबवला, आणि त्या दिवशीचे शेंगदाणे करपले. चेंडू एकटाच टप्पे घेत सर्जेरावपाशी गेला. त्यानं वाकून तो उचलला आणि आमच्याकडे कौतुकानं बघून म्हणाला, "काय शिस्त हाय राव तुमच्यात!" आम्ही परत थांबलो.

स्टोअरमध्ये तर रोजचा तमाशा. खनिजाच्या टिपरचा ड्रायव्हर स्पेअर पार्ट घेऊन निघायचा. सर्जेराव हात हलवून म्हणायचा, "जावा आता राव." ड्रायव्हर ब्रेक मारायचा. सर्जेराव वाट बघायचा, मग जरा मोठ्यानं, "जावा की राव!" ड्रायव्हर इंजिन बंद करायचा. मागे टिपरांची रांग लागायची आणि सर्जेराव मला सांगायचा, की गोव्याची माणसं निरोप घ्यायला लई हळवी आहेत.

खोड कुठे आहे ते माझ्या लक्षात आलं, कारण त्याच्या सर्वांत जवळ मी उभा असायचो. मी आमच्या बॅकना वेगळं घेऊन बसलो आणि बजावलं, "तो तुमका थांबवणा नाय रे. मान देता तो. राव आयकला की धावायचा." मग आम्ही तसा सराव केला. मी राव म्हणायचो, ते पळायचे. ते म्हणायचे, मी पळायचो. याचा परिणाम घरी झाला. एका सकाळी बायको म्हणाली, "वायच रवा, डबो भरतंय," आणि मी डब्याशिवाय बसस्टॉपपर्यंत धावत गेलो. तिनं दोन दिवस अबोला धरला. तिची तरी काय चूक?

समोरच्या संघांना मात्र हा सराव कोण देणार? त्यांचे फॉरवर्ड वाऱ्यासारखे यायचे, मला चकवून पुढे जायचे, समोर फक्त गोलकीपर उरायचा, तो ओरडायचा, "ये की राऽऽव!" आणि ते खांब होऊन उभे राहायचे. सर्जेराव पुढे येऊन त्यांच्या पायातला चेंडू उचलायचा. लीगमध्ये आमच्यावर गोल होणं बंद झालं. पेपरवाल्यांनी लिहिलं, मगदूमच्या नुसत्या दर्शनानं आक्रमक गारठतात.

तुम्ही विचाराल, तीन हंगाम कुणाला कळलं कसं नाही? सोपं आहे. प्रत्येक फॉरवर्डला वाटायचं, आपण एकटेच थांबलो. ऐन गोलासमोर आपल्याला आई आठवली हे कोणता मर्द दुसऱ्याला सांगेल? कुणी म्हणायचा पेटका आला, कुणी म्हणायचा डोळ्यात धूळ गेली. एकानं तर बूट बदलले.

गुरुदासबाबांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहून माझा दंड धरला. "ताका कितेंच सांगूं नाका. कळ्ळें जाल्यार उलोवपाचें बंद करतलो." म्हणजे त्याला कळलं तर तो बोलायचं बंद करेल. ते खरंच होतं. मी गप्प बसलो.

आता सर्जेराव काही मूर्ख नव्हता. माणसं आपल्यासमोर थिजतात हे त्याला दिसत होतं, आणि त्याला कारण तर हवंच होतं. ते त्यानं स्वतः शोधून काढलं. नजर.

"नजरंचा खेळ हाय ह्यो, शिवदास," तो मला म्हणाला. "मी बघितलं की गडी हालतच न्हाई. आमच्या आज्ज्याची बी तसलीच नजर हुती. बैल बसायचा."

मग तो नजरेची मेहनत करू लागला. स्टोअरच्या आरशासमोर उभा राहून स्वतःकडे रोखून बघायचा, आणि शेवटी स्वतःच दचकायचा. डोळे मोठे दिसावेत म्हणून काजळ घालायला लागला. म्हापशाहून काजळाची डबी आणायचं काम माझ्याकडे, कारण त्याला मागायला लाज वाटायची, आणि मला जणू वाटत नव्हती. तालुक्यातले नवे गोलकीपर त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. तो त्यांना झेप शिकवायचा नाही. म्हणायचा, झेप नंतर, आधी डोळं. ते बिचारे काजळ घालून आपापल्या गावी गेले आणि ढिगानं गोल खाल्ले.

एवढ्यात गोव्यात भाषेचा वाद पेटला. कोंकणी राजभाषा की मराठी, यावरून सभा झाल्या, मोर्चे निघाले, रस्ते अडले. एकाच ताटात जेवणारे भाऊ एकमेकांशी बोलेनात, कारण बोलायचं कुठल्या भाषेत हाच प्रश्न. गुरुदासबाब कोंकणीचे कडवे. वर्षभर मराठी बोलणार नाही अशी त्यांनी सभेत शपथ घेतली होती. हरमलच्या संघाचे सेक्रेटरी शांताराम मास्तर मराठीचे कडवे. कोंकणी ही भाषाच नव्हे, मराठीची बोली आहे, असं ते दोन दोन तास सांगायचे, आणि सभा संपल्यावर घरी जाऊन बायकोला कोंकणीत चहा मागायचे. शेवटी सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत पणजीत कायदा झाला. कोंकणी राजभाषा, आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा. दोन्ही बाजूंनी फटाके वाजवले आणि दोन्ही बाजू रागावलेल्या राहिल्या.

त्याच उन्हाळ्यात आमची आणि हरमलची लीगची सेमीफायनल झाली. आम्ही एक शून्यनं पुढे. शेवटच्या मिनिटाला हरमलचा सेंटर फॉरवर्ड बाबली मला आडवा पाडून पुढे गेला. बाबली म्हणजे माशांची जाळी ओढून ओढून पायाचे खांब झालेला गडी. गोल मोकळा होता, कारण सर्जेराव स्वतःच घसरून पडला होता. पडल्या पडल्या तो एवढंच म्हणाला, "आरं काय राऽऽव!"

बाबली थांबला. रिकाम्या गोलासमोर, चेंडूवर पाय ठेवून, पुतळा. वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी तो तसाच. हरमलच्या प्रेक्षकांनी त्याला उचलून बाहेर नेलं.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात हे बिंग फुटलं. सर्जेराव मिरच्या घेत होता, मी पिशवी धरून होतो. पलीकडून शांताराम मास्तर आणि बाबली येत होते, बाबलीच्या डोक्यावर सुक्या बांगड्यांची टोपली. सर्जेराव मिरचीवालीला म्हणाला, "कमी करा की राव." बाबली भर गर्दीत गपकन थांबला. मागचा माणूस त्याच्यावर आदळला, बांगडे मास्तरांच्या धोतरात गेले. मास्तरांनी एकदा बाबलीकडे पाहिलं, एकदा सर्जेरावकडे. ते भाषेचे शिक्षक, तीस वर्षं पोरांचे उच्चार तपासलेले. खाली पडलेले बांगडे न उचलता त्यांनी खात्री करून घेतली. बाबलीला चालायला लावलं आणि मागून हळूच म्हणाले, "राव." बाबली थांबला.

त्यांनी लीगकडे तक्रार केली. डिचोलीचा गोलकीपर प्रतिस्पर्ध्याला तोंडी हुकूम देऊन थांबवतो, हे खेळाच्या नियमांविरुद्ध आहे, सामना पुन्हा खेळवा आणि याला कायमचा बाहेर काढा.

सुनावणी म्हापशातल्या एका हॉलमध्ये झाली. लीगचे अध्यक्ष आग्नेल सिक्वेरा, जुने रेफरी, पांढरे बूट घालणारे. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "म्हाका फुटबॉल कळटा, व्याकरण कळना. बेगीन सोंपयात." लवकर संपवा म्हणाले. लवकर कसलं संपतंय! हॉल दोन्ही भाषांच्या कडव्या माणसांनी भरला होता.

आणि तिथे गंमत झाली. 'राव' हा शब्द मराठी ठरला तर तो नुसता मानाचा शब्द, सर्जेराव निर्दोष. कोंकणी ठरला तर तो हुकूम, सर्जेराव दोषी. म्हणून मराठीच्या मास्तरांना तो कोंकणी हवा होता, आणि कोंकणीच्या गुरुदासबाबांना मराठी.

मास्तर उभे राहिले. घसा साफ केला. "कोंकणी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला, "ही स्वतंत्र भाषा आहे. तिला स्वतःची क्रियापदं आहेत. 'राव' हे शुद्ध कोंकणी क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आहे!"

मागून कोंकणीवाल्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मग हा आपला शत्रू हे आठवून थांबले. मास्तरांच्या बाजूचे लोक खाली मान घालून बसले.

गुरुदासबाबांना उत्तर मराठीतच देणं भाग होतं. शपथ मोडताना त्यांना घाम फुटला. "राव हा शब्द अस्सल मराठी आहे," ते म्हणाले. "शिवाजीमहाराजांच्या दरबारात अर्धे लोक राव होते. असला शब्द कोंकणीत नाहीच. कोंकणीत... कोंकणीत शब्दच कमी आहेत." एवढं बोलून ते मटकन खाली बसले आणि रुमालानं डोळे पुसू लागले. आता मराठीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण गुरुदासबाब हार जाणारे नव्हते. पाणी पिऊन परत उठले. हरमल पेडणे तालुक्यात येतं, तिथे 'राव' नव्हे, 'रव' म्हणतात, तेव्हा हरमलच्या बाबलीनं 'राव' ऐकून थांबायचं काही कारणच नाही, असा मुद्दा त्यांनी काढला. मुद्दा बिनतोड होता. मास्तर चपापले. त्यांनी बाबलीच्या आईला पुढे बोलावलं.

शेवंती मासे विकून थेट आली होती. अध्यक्षांनी तिला विचारलं, राव आणि रव यांत फरक काय?

"राव म्हण, रव म्हण, मार तोच खातलो," शेवंती म्हणाली. मग तिला काही तरी आठवलं असावं. बाबलीकडे वळून तिनं हात उगारला. "रव, तुका दाखयतंय!"

सबंध हॉल थिजला. दाराशी जाणारा माणूस दारात थांबला. अध्यक्षांचा चहाचा कप ओठांपासून वीतभर अंतरावर अडकला. पंखा तेवढा फिरत होता, कारण तो बाहेरून आणला होता.

भान आल्यावर अध्यक्षांनी सर्जेरावला उभं केलं. "तुजें नांव कितें?"

"सर्जे राव," तो हळू म्हणाला.

"सर्जे, कित्याक रावूं?" अध्यक्ष चिडले. मी कशाला थांबू? ते त्याचं नावच आहे हे समजावण्यात बराच वेळ गेला.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी सर्जेरावकडे बघत होतो. तोपर्यंत त्याला वाटत होतं, की त्याच्या नजरेवर खटला चालू आहे. त्यासाठी तो ताजं काजळ घालून आला होता. आता त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता, आणि तो बघवत नव्हता. त्यानं सगळ्या हॉलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे माझी नजर न्हवं?"

मी नजर वळवली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

अध्यक्षांनी निकाल दिला. पणजीत सरकारनं दोन्ही भाषांना सांभाळलं, तसं आपणही सांभाळू. सामना पुन्हा होईल. पहिल्या अर्ध्यात 'राव' हा शब्द मराठी मानला जाईल, गोलकीपरला तो बोलायची मुभा आहे. दुसऱ्या अर्ध्यात तो कोंकणी मानला जाईल, तेव्हा बोलला तर बाहेर काढू. दोन्ही बाजूंनी निकालाचं स्वागत केलं आणि दोन्ही बाजू रागावून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव स्टोअरमध्ये बसला होता. काजळ धुतलेलं, डोळे लहान दिसत होते. गिऱ्हाइकाशी बोलत नव्हता, बोटानं खुणा करत होता. त्यामुळे टिपर मात्र सुरळीत सुटत होते.

"खरं सांग, शिवदास. मी गोलकीपर हाय का न्हाई?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तीन वर्षं मी त्याच्यापुढे उभा राहिलो होतो, आणि जोरात मारलेला एकही चेंडू त्याच्यापर्यंत पोचलेला मी पाहिला नव्हता. "माका खरोच म्हायत नाय," मी म्हटलं. "कोणाकच म्हायत नाय."

"मग बघाय पायजे," तो म्हणाला.

सामना पेडण्याच्या मैदानावर झाला. म्हापशाहून जादा बस सोडल्या होत्या. फुटबॉल कधी न बघितलेले लोक शब्द ऐकायला आले होते. गुरुदासबाबांनी सगळा डाव पहिल्या अर्ध्यावर रचला होता. ते रेषेवरून ओरडत होते, "मराठी आसा आतां! उलय! मराठी आसा मरे!"

सर्जेराव बोलला नाही.

मुभा असताना, नियमात बसत असताना, तो ओठ घट्ट मिटून गोलात उभा राहिला. बाबली पहिल्यांदा चेंडू घेऊन आला तो सवयीनं थोडा हळू झाला, राव यायची वाट बघत. राव आला नाही. त्याला इतकं नवल वाटलं, की त्यानं घाबरून चेंडू लाथाडला. चेंडू सर्जेरावच्या कानाजवळून जाळ्यात गेला. सर्जेराव मागे वळून जाळ्याकडे बघत राहिला.

"इतक्या जोरात मारत्यात?" त्यानं मला विचारलं.

"दुसऱ्यांका रोज मारतत," मी म्हटलं.

दुसरा गोल झाला. आमचे बॅक त्याच्या हातापाया पडू लागले, एकदाच बोल, मराठीत बोल. तिसऱ्यांदा बाबली येताना दिसला तेव्हा माझाच धीर सुटला. मी ओरडलो, "सर्जेराऽऽव!" बाबली थांबला, पंच थांबला, मी पळत जाऊन चेंडू काढून घेतला. मला वाटलं, सर्जेराव खूश होईल. तो दात-ओठ खात माझ्यावर धावून आला.

"मला हाक मारायची न्हाई! मेलो तरी मारायची न्हाई!"

त्यानंतर आम्ही त्याला 'ए' म्हणत होतो.

दुसऱ्या अर्ध्यात आणखी दोन गेले. एकात तो उजवीकडे पडला आणि चेंडू डावीकडून गेला, दुसऱ्यात तो पडलाच नाही. गुरुदासबाब रेषेवर खाली बसले होते आणि दोन्ही भाषांत शिव्या देत होते. शब्द ऐकायला आलेले लोक कंटाळून निघाले. सामना संपल्यातच जमा होता, आणि तेव्हा माझ्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी.

चार शून्य असताना पेनल्टीला काय अर्थ? बाबली चेंडू ठेवताना जांभई देत होता. पण सर्जेराव गोलाच्या रेषेवर उभा राहिला, त्यानं हातमोजे काढले आणि पुन्हा घट्ट घातले. चार गोलांत ज्याला काही कळलं नव्हतं त्याला कळायची ही शेवटची संधी होती.

बाबली धावत निघाला. चेंडूपाशी आला. आणि थांबला.

कुणीही काही बोललं नव्हतं. मी शपथेवर सांगतो, मैदानात टाचणी पडली नव्हती. आता ते सवयीनं, की समोरच्याची दया येऊन, हे बाबलीलाच ठाऊक.

"मेल्या, कित्याक रवलंस?" शेवंती कडेवरून ओरडली.

सर्जेरावच्या डोळ्यांत पाणी आलं. संतापानं. आयुष्यात एक चेंडू मागत होता माणूस, तोही कुणी मारीना. त्यानं तोंड उघडलं, छाती भरून घेतली. "मार की" इतकंच बाहेर आलं. पुढचा शब्द घशाशी आलेला मला स्पष्ट दिसला. पंचानं शिट्टी ओठाला लावली. सर्जेरावनं झटक्यात आपला पंजा हातमोज्यासकट तोंडात कोंबला आणि दातांनी घट्ट चावून धरला. दुसऱ्या हातानं तो बाबलीला खुणावत राहिला. ये. मार. ये.

पंचानं पुन्हा मारायला सांगितलं. बाबली या वेळी चांगला लांब मागे गेला. लाल झाला होता. आई अजून बोलत होती. तो धावला तो न थांबता, आणि सगळा समुद्र पायात आणून त्यानं चेंडू हाणला.

सर्जेराव डावीकडे झेपावला. तोंडातला पंजा काढायलाही त्याला वेळ मिळाला नाही, एकाच हातावर गेला. चेंडू तळव्यावर बसला, वर उडाला, तो खाली येताच सर्जेराव अंगाखाली घेऊन त्याच्यावर पालथा पडला. आम्ही धावत गेलो. तो उठेना. मला वाटलं, संपला. मग तो एका कुशीवर वळला, चेंडू पोटाशी, आणि बाबलीला म्हणाला, "खरं सांग. जोरात मारलास? का मुद्दाम?"

बाबलीला उत्तर द्यायला मिळालं नाही. शेवंती टोपलीसकट मैदानात शिरली होती. हातातला गोल घालवला म्हणून तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या, त्यात तिची स्वतःचीही आली. आज घरात जेवण नाही म्हणाली, उद्याही नाही म्हणाली, आणि टोपलीतली ओली फडकी त्याच्या पाठीत मारत त्याला रेषेबाहेर नेलं. सर्जेराव ते सगळं मन लावून ऐकत होता. इतक्या शिव्या कुणी खोट्या देत नाही, हे त्याला पटत चाललेलं दिसत होतं.

सामना संपला. पंच चेंडू मागायला आला तर सर्जेराव देईना. शेवटी पंचानं नाद सोडला.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. अस्नोड्याच्या वळणावर गुरुदासबाब उठून सर्जेरावच्या सीटपाशी आले. त्यांचा चेहरा आंबट झाला होता. उद्यापासून तू संघात नाहीस, नुसता स्टोअरमध्ये बस, त्यांनी सांगितलं. "चार गोल खाल्ले तुवें. चार!"

"व्हय साहेब," सर्जेराव म्हणाला. चेंडू मांडीवर होता, त्यावर दोन्ही हात. तो हसत होता आणि डोळे वाहत होते, काजळ नसल्यामुळे गाल स्वच्छ होते. "पर पाचवा बघितला न्हवं?"

गुरुदासबाब पुढे जाऊन बसले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बघितला," मी म्हटलं.